मेलेल्या सेलवर पांढरा दिवा: भंगारातल्या भागांतून ‘ज्यूल थीफ’ कसा बांधायचा

खेळण्यातला सेल उतरला की तो रिमोटमध्ये जातो, रिमोट दाद देईना की घड्याळात. घड्याळही थांबलं की तो उन्हात ठेवायचा, दाताखाली दाबून बघायचा आणि शेवटी फ्रिजवरच्या डब्यात टाकायचा. आमच्याकडे असा एक डबा काठोकाठ भरला होता. एकदा सहज मीटर लावून पाहिलं, तर त्यातले बरेचसे सेल १.० ते १.२ व्होल्ट दाखवत होते. जीव होता, पण कुठलं काम रेटण्याइतका जोर नव्हता.

अशा एकट्या सेलवर पांढरा एलईडी पेटवणाऱ्या छोट्या सर्किटला ‘ज्यूल थीफ’ म्हणतात. नावात कोटी आहे. ज्यूल हे ऊर्जेचं एकक, आणि इंग्रजीत ते दागिन्याच्या ‘ज्वेल’सारखंच कानावर पडतं, म्हणून सेलच्या तळाशी उरलेले ज्यूल चोरणारा तो ज्यूलचोर. झेड. कापार्निक यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये एका ब्रिटिश मासिकात हे एका व्होल्टवर चालणारं सर्किट दिलं, आणि हे नाव पुढे क्लाइव्ह मिचेल यांनी रूढ केलं. यामागचा ब्लॉकिंग ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच चालू-बंद होत राहणारं सर्किट, मात्र ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या व्हॉल्वच्या काळापासूनचा.

मला पहिला दिवा पेटवायला तीन संध्याकाळी लागल्या. भाग सगळे ठणठणीत होते. चूक एकाच जागी होती, ती म्हणजे सर्किटमधल्या छोट्या चुंबकीय रिंगवर गुंडाळलेल्या तारांची टोकं जोडण्यात. पुढे भाच्याला आणि त्याच्या मित्रांना शिकवताना पाहिलं, जो तो तिथेच अडतो. म्हणून बाकीचं भराभर सांगतो आणि त्या टोकांपाशी जरा रेंगाळतो.

हे चालतं कसं

पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात. नवाकोरा सेलही दीडच व्होल्टचा, म्हणजे सरळ जोडून काही होणार नाही.

गच्चीतल्या टाकीचा नळ धो धो चालू असताना झटकन बंद करून बघा. पाइप धाडकन वाजतो, कारण वाहतं पाणी थांबायला तयार नसतं आणि त्या क्षणी पाइपमध्ये टाकीच्या उंचीपेक्षा कितीतरी जास्त दाब तयार होतो. रिंगवरचे तारेचे वेढे म्हणजे तो पाइप, आणि ट्रान्झिस्टर म्हणजे नळ. ट्रान्झिस्टर चालू झाला की वेढ्यांमधून प्रवाह वाढत जातो. दुसऱ्या तारेचे वेढे त्याच रिंगवर असतात, त्यामुळे ते ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे नळाच्या चावीचं काम करणाऱ्या पायाला, आणखी ढकलतात आणि तो पूर्ण उघडतो. प्रवाह वाढायचा थांबला की ते ढकलणंही थांबतं आणि ट्रान्झिस्टर एकदम बंद पडतो. साठलेल्या चुंबकीय ऊर्जेला आता एकच वाट उरते, एलईडीची. तीतून जाण्याइतका दाब ती स्वतःच चढवते. हे सगळं सेकंदाला हजारो वेळा होतं. डोळ्याला दिवा स्थिर दिसतो.

काय काय लागेल

- बंद पडलेला एक सीएफएल दिवा. रिंग आणि तार दोन्ही यातूनच निघतात.
- एक छोटा एनपीएन ट्रान्झिस्टर: बीसी ५४७, बीसी ५४८, एस ८०५०, २एन३९०४ किंवा पीएन २२२२.
- १ किलोओहमचा एक रेझिस्टर. पट्टे तपकिरी, काळा, लाल.
- ५ मिलिमीटरचा एक पांढरा एलईडी.
- बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन, कारण त्यात एका पेन्सिल सेलचं तयार खोकं असतं.
- सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, थोडी राळ, पक्कड, कटर, ब्लेड, पॉलिश पेपर.
- साधं मल्टिमीटर. याच्याशिवाय होतं, पण चिडचिड फार होते.
- लाल नेलपॉलिशचे दोन थेंब. हे का, ते पुढे.

१. सीएफएल उघडा, पण काचेला धक्का न लावता

२०१५ साली उजाला योजनेतून स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी आले आणि सीएफएल माळ्यावर गेले. तिथलाच एखादा काढा. त्याच्या नळीत थोडासा, काही मिलिग्रॅम, पारा असतो, म्हणून नळी फोडायची नाही आणि नळीला धरून पिरगाळायचंही नाही. प्लॅस्टिकच्या बुडाला धरा, दोन वाट्या जिथे जुळतात त्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घाला आणि हळूहळू फिरवत उघडा. हे काम गॅलरीत किंवा अंगणात, हातमोजे घालून करा. चुकून काच फुटलीच तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा, नंतर जाड कागदाने तुकडे गोळा करा आणि उरलेली पूड चिकटपट्टीने टिपा. केरसुणी फिरवू नका.

आत गोल बोर्ड दिसेल. त्यावरच्या मोठ्या उभ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. दिवा महिनोन्‌महिने पडून असेल तर तो रिकामाच असणार, तरी एखाद्या किलोओहमच्या रेझिस्टरचे पाय त्याच्या दोन पायांना पक्कडीने चारपाच सेकंद टेकवा, मग मीटरने शून्य बघा. नळीच्या चार तारा बोर्डवरच्या खुंट्यांना नुसत्या गुंडाळलेल्या असतात. त्या सोडवल्या की नळी अख्खी बाजूला होते. ती खोक्यात घालून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, ओल्या-सुक्यात नको.

बोर्डवर दोन गोष्टी शोधा. पहिली वाटाण्याहून थोडी मोठी काळपट रिंग, जिच्यावर तीन वेगळ्या तारांचे मोजकेच वेढे असतात. दुसरी पिवळी टेप गुंडाळलेला चौकोनी चोक. रिंगवरची जुनी तार सोडवून टाका. चोकचा गाभा डिंकाने पक्का असतो, तो आपल्याला नकोच आहे. चष्मा घालून पक्कडीने फोडा, बशीसारखा तडकतो. आतल्या रिळावर वार्निश केलेली बारीक तांब्याची तार मिळते, आपल्याला लागते तिच्या कितीतरी पट.

सीएफएल नसेल तर? कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली हिरवी रिंग उत्तम. तिथेच पिवळी-पांढरी रिंगही असते, तिच्या वाटेला जाऊ नका. ती लोखंडाच्या भुकटीची असते आणि एवढ्याशा वेढ्यांत तिच्यात काही जमत नाही. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतली एरियलची काळी कांडीसुद्धा चालते, वेढे जास्त घालावे लागतात इतकंच.

२. ट्रान्झिस्टर आणि एलईडी

बीसी ५४७ वर्गातले ट्रान्झिस्टर जुन्या एफएम रेडिओत, खेळण्यांत, कॉर्डलेस फोनच्या बोर्डावर सापडतात. पाय शक्य तितके लांब ठेवून काढा. सीएफएलच्या बोर्डवरही दोन ट्रान्झिस्टर असतात, १३००१ किंवा १३००३, आणि समोरच असल्यामुळे तेच वापरायचा मोह होतो. ते जास्त व्होल्टेजसाठी बनवलेले असतात, त्यांचा गेन, म्हणजे प्रवाह वाढवण्याची ताकद, कमी असतो. उतरलेल्या सेलवर ते रडतखडत चालतात किंवा चालतच नाहीत. भंगारात मिळाला नाही तर पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बीसी ५४७ किरकोळीत मिळतो. इथे तत्त्वाला चिकटून बसू नका.

आता पाय. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली. बीसी ५४७ आणि ५४८ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४, एस ८०५० आणि पीएन २२२२ मध्ये बरोबर उलटं: एमिटर, बेस, कलेक्टर. आणखी एक खोच म्हणजे, पी२एन२२२२ नावाचा भाऊ पुन्हा बीसी ५४७ सारखा असतो. नंबर पुसलेला असेल तर मीटरची चकती डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल काडी ज्या पायावर ठेवून उरलेल्या दोन्ही पायांना ०.६ ते ०.७ चा आकडा येतो तो बेस. त्या दोघांत ज्याचा आकडा किंचित जास्त तो एमिटर.

एलईडी लायटरच्या टॉर्चमधून, खेळण्यातून किंवा डास मारायच्या बॅटमधून काढा. त्या बॅटमधलं सर्किटही याच कुळातलं आहे, फक्त ते शेकडो व्होल्टपर्यंत चढवतं, त्यामुळे तिच्या जाळीच्या दोन थरांना स्क्रूड्रायव्हर टेकवून कपॅसिटर रिकामा केल्याशिवाय आत हात घालू नका. मी घातला होता. कोपरापर्यंत झणझणलं. घरातल्या बिघडलेल्या ९ वॉटच्या एलईडी बल्बमधल्या चपट्या पिवळ्या चिप मात्र टाळा. त्यांतल्या बऱ्याच चिपच्या पोटात अनेक एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात आणि एकेक चिप ९ व्होल्ट किंवा त्याहून जास्त मागते.

एलईडीचा लांब पाय प्लस. भंगारातल्याचे पाय कापलेले असतात, तेव्हा खालच्या कडेवर बोट फिरवा. जिथे कड सपाट लागते ती बाजू मायनस.

३. वेढे

तारेचे ४० सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. एका तुकड्याच्या दोन्ही टोकांपासून दोनेक सेंटिमीटर आत नेलपॉलिशचा थेंब लावा आणि वाळू द्या. ही ‘लाल’ तार, दुसरी ‘साधी’. वार्निशच्या तारा दिसायला जुळ्या बहिणींसारख्या असतात. वेढे घालून झाल्यावर कुठलं टोक कोणाचं हे डोळ्याला कळत नाही.

दोन्ही तारा शेजारी शेजारी धरून एकदमच गुंडाळायच्या. सुरुवातीची पाच-सहा सेंटिमीटर मोकळी सोडा, मग जोडी रिंगच्या भोकातून आत, बाहेरून वळसा, पुन्हा आत. भोकातून एकदा गेली की एक वेढा. असे पंधरा घाला. सतरा झाले, तेरा झाले, काही बिघडत नाही. तार ओढून घट्ट बसवा, पण रिंगच्या कडेवर घासू देऊ नका. कड धारदार असेल आणि वार्निश खरवडलं गेलं तर दोन्ही तारा आत एकमेकींना चिकटतात. मी आता आधी रिंगवर नळाच्या पांढऱ्या टेपचा एक फेर देतो.

४. चार टोकं

आता तुमच्या हातात चार टोकं आहेत. सुरुवातीच्या बाजूला दोन, शेवटच्या बाजूला दोन. भाच्याला सांगताना मी सुरुवातीच्या टोकाला तोंड म्हटलं, शेवटच्याला शेपूट, आणि ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

नियम एकच: लाल तारेचं तोंड साध्या तारेच्या शेपटाला जोडा.

हा जोड सेलच्या प्लसला जातो. उरली दोन टोकं: लाल शेपूट कलेक्टरला, साधं तोंड रेझिस्टरमधून बेसला. या दोघांची अदलाबदल झाली तरी चालतं, दोन्ही तारांचे वेढे सारखेच आहेत. पण प्लसच्या जोडात दोन तोंडं किंवा दोन शेपट्या एकत्र आल्या तर दिवा पेटणार नाही. कारण तेव्हा दुसरी तार बेसला ढकलण्याऐवजी मागे खेचते. ट्रान्झिस्टर उघडायला जातो न जातो तोच तिच्यामुळे मिटतो, आणि हेलकावा सुरूच होत नाही.

यातली फसवी गोष्ट अशी. जोड घातल्यावर मीटर सगळ्या टोकांवर बीप देतं, जोड बरोबर असो वा चुकीचा. मी तीन संध्याकाळी तेच करत होतो. बीप ऐकायचो, समाधान मानायचो आणि ट्रान्झिस्टर बदलायचो. चार ट्रान्झिस्टर बदलले, चारही चांगले होते. ही चूक मीटरला सापडत नाही, तुमच्या नेलपॉलिशलाच सापडते. म्हणून टोकं एकमेकांना जोडायच्या आधीच मीटर लावून बघा: लाल टोक फक्त लाल टोकाशीच बोललं पाहिजे, साधं साध्याशी. लाल आणि साधी एकमेकींशी बोलत असतील तर आत वार्निश गेलंय, पुन्हा गुंडाळा.

मीटर लावायच्या आधी टोकं साफ करायला मात्र विसरू नका. वार्निश पारदर्शक असतं, तार तांबूस दिसते म्हणून ती उघडी आहे असं वाटतं. ब्लेडच्या पाठीने किंवा पॉलिश पेपर दुमडून त्यात तार धरून ओढा, चारही बाजूंनी, रंग तांबूस जाऊन गुलाबीसर चकचकीत होईपर्यंत. मग राळ आणि सोल्डर लावून बघा. सोल्डर तारेवर पसरलं तर साफ झालं, थेंब होऊन घरंगळलं तर नाही.

५. जोडणी

लगेच कायमचं सोल्डर करू नका. आधी टोकं पिळून किंवा वायरमनच्या कनेक्टर पट्टीत आवळून जुळवा:

- सेलचा प्लस: लाल तोंड आणि साधं शेपूट यांचा जोड.
- लाल शेपूट: कलेक्टर, आणि तिथेच एलईडीचा प्लस.
- साधं तोंड: रेझिस्टर, रेझिस्टरचं दुसरं टोक बेसला.
- सेलचा मायनस: एमिटर आणि एलईडीचा मायनस.

सेल सगळ्यात शेवटी घाला, आणि एलईडी जोडल्याशिवाय तर घालूच नका. एलईडी नसेल तर चढलेला दाब कुठेच जाऊ शकत नाही आणि तो ट्रान्झिस्टरच्या अंगावर येतो. आधी बऱ्यापैकी सेलवर चालवून बघा. मेलेला सेल नंतर.

पेटला की पक्कं सोल्डर करा. सेलला थेट सोल्डर करायला जाऊ नका, तापून तो गळतो. घड्याळाचं खोकं त्याचसाठी आहे.

६. पेटला नाही तर

पहिली गोष्ट म्हणजे प्लसचा जोड सोडा, कुठल्याही एकाच तारेची दोन टोकं आपसात बदला, पुन्हा जोडा. बहुतेक वेळा इथेच उजेड पडतो. नाही पडला तर एलईडी उलटा करून बघा, मग ट्रान्झिस्टरचे पाय तपासा. तारेची साफ न झालेली टोकं हा चौथा संशयित.

एक जुनी युक्ती आहे. मीडियम वेव्हवर लावलेला छोटा रेडिओ जवळ आणा. सर्किट हेलकावे घेत असेल तर आकाशवाणीवरच्या निवेदकाच्या आवाजात बारीक शिट्टी किंवा करकर मिसळते आणि रिंग जवळ नेली की वाढते. शिट्टी येतेय पण दिवा नाही, तर दोष एलईडीत. शिट्टीच नाही, तर वेढे किंवा ट्रान्झिस्टर.

ट्रान्झिस्टर हाताला गरम लागला तर लगेच सेल काढा. एकतर रेझिस्टर चुकीचा आहे किंवा एलईडीचा जोड सुटलाय. उजेड फार मंद असेल तर सेलच्या दोन टोकांना समांतर ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लस-मायनस सांभाळून. म्हाताऱ्या सेलला झटक्यासरशी प्रवाह देणं जमत नाही, कपॅसिटर ते त्याच्या वतीने देतो. याचा फरक लगेच दिसतो.

एलईडीवरचं व्होल्टेज मीटरने मोजून गोंधळात पडू नका. तिथे तुटक ठोके असतात, साधं मीटर त्यांची सरासरी दाखवतं आणि आकडा ३ पेक्षा कमी येऊ शकतो. दिवा पेटलाय ना, मग झालं.

७. दिवा वापरात आणताना

दोन सेल जोडायचे नाहीत. ३ व्होल्ट झाले की प्रवाह वेढ्यांतून सरळ एलईडीत जातो, त्याला अडवायला मध्ये काहीच नसतं. मोबाइलची लिथियम बॅटरी तर नकोच. चार्ज होणारे सेलही यात घालू नका. हे सर्किट सेलला अर्ध्या व्होल्टपर्यंत पिळतं, आणि तितका खाली गेलेला चार्जिंगचा सेल पुन्हा धड उभा राहत नाही.

उजेड कमी चालेल पण जास्त दिवस हवा असेल तर रेझिस्टर २.२ किलोओहमचा करा. माझा जिन्यातला दिवा तसाच आहे, औषधाच्या डबीच्या झाकणाला भोक पाडून एलईडी बसवलाय, खाली घड्याळाचं खोकं. लाइट गेली की पायऱ्या दिसतात. वाचायला म्हणाल तर जमणार नाही.

डबीत एक छोटं बटण बसवा, खेळण्यातलं चालेल. आणि एलईडी अगदी काजव्याइतका उरला की सेल बाहेर काढा. आपल्याकडचे स्वस्त सेल बहुतेक जस्त-कार्बनचे, त्यांचं बाहेरचं जस्ताचं भांडंच वापरात झिजत जातं, त्यामुळे पार पिळलेला सेल आत राहिला की गळतो आणि पत्ती हिरवी पडते. पडलीच असेल तर पॉलिश पेपरने घासून, कोरड्या फडक्याने पुसून मगच पुढचा सेल घाला.